बारा शीट, बारा तऱ्हा

सप्टेंबर उजाडला की गृहनिर्माण संस्थांच्या कार्यालयांत प्रिंटर तापायला लागतात. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपलेलं असतं, वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत उरकायची असते, आणि लेखापरीक्षकापासून ते सभेतच उगवणाऱ्या चिकित्सक सभासदापर्यंत सगळ्यांना हिशेब कागदावर हवे असतात. हिशेब असतात एक्सेलमध्ये. एप्रिल ते मार्च अशा देखभाल शुल्काच्या बारा शीट, शिवाय थकबाकीची यादी, उत्पन्न-खर्च पत्रक आणि ताळेबंद. आकडे जुळलेले असतात. पण प्रिंट द्यावी तर एप्रिल आडव्या पानावर येतो, मे उभ्या. जूनचा शेवटचा रकाना, म्हणजे नेमका 'एकूण'चा, एकटाच दुसऱ्या कागदावर जाऊन बसतो. जुलैच्या शीटला कुणीतरी कधीतरी लीगल कागद लावलेला असतो, त्यामुळे तिथे पोचल्यावर प्रिंटर दिवा लुकलुकवत थांबतो.

दोष प्रिंटरच्या माथी मारला जातो. तो बिचारा सांगितलं तेच करत असतो. एक्सेलमध्ये कागदाचा आकार, आडवं-उभं, समास, हेडर-फूटर हे सगळं त्या-त्या शीटच्या मालकीचं असतं. संपूर्ण वर्कबुकासाठी एकच पान ठरवायची सोय त्यात नाही. 1985 साली मॅकिंटॉशवर एक्सेल आलं तेव्हा कामाचं एकक एकटी शीटच होतं. खाली टॅब लावून अनेक शीट एका वर्कबुकात नांदू लागल्या त्या 1993च्या एक्सेल 5 पासून, पण पान शीटच्याच नावावर राहिलं. आजही एक्सेलची फाइल झिपसारखी उघडून आत डोकावलं तर प्रत्येक शीटची वेगळी फाइल दिसते आणि तिच्या शेवटाकडे तिचे-तिचे समास आणि पानाची मांडणी लिहिलेली असते. त्यामुळे बारा महिन्यांत तीन जणांनी फाइल हाताळली असेल, तर बारा तऱ्हा होणारच.

यावर उपाय आहे शीटचा ग्रुप करण्याचा. बहुतेकांना तो अर्धवट माहीत असतो. एप्रिलच्या टॅबवर क्लिक करायचं, शिफ्ट दाबून मार्चच्या टॅबवर क्लिक करायचं, की मधल्या सगळ्या शीट निवडल्या जातात. सलग नको असतील तर कंट्रोल धरून हव्या त्याच टिपायच्या. वर फाइलच्या नावाशेजारी 'ग्रुप' असा शब्द उमटतो. आता पेज लेआउटमधून पेज सेटअपची चौकट उघडून जे ठरवाल ते ग्रुपमधल्या सगळ्यांना लागू होतं.

यातली खरी खुबी पुढे आहे. समजा एप्रिलचं पान तुम्ही आधीच मनासारखं बसवलंय: ए-फोर, आडवं, डावीकडे फाइलला पंच करण्यापुरती मोकळी जागा (वर्डमध्ये बांधणीसाठी वेगळा समास ठेवता येतो, एक्सेलमध्ये तो नाही; डावा समासच वाढवावा लागतो). मग एप्रिलच्या शीटवर राहूनच बाकीच्या शीट निवडायच्या, पेज सेटअप उघडायचं आणि कशालाही हात न लावता 'ओके' म्हणायचं. समोरच्या शीटची मांडणी मागच्या सगळ्यांवर उतरते. अर्थात, ताळेबंद चुकून या घोळक्यात सापडला तर तोही आडवा होतो आणि त्याच्या हेडरात एप्रिलचा मथळा येतो. म्हणून आधी शीटचे गट ठरवावेत. महिन्यांच्या बारा एका गटात, पत्रकं दुसऱ्या गटात. सगळ्या फाइलला एकच साचा लावायचा अट्टहास मला पटत नाही. दोन बाजूंचा ताळेबंद आणि पंचवीस सदनिकांची यादी यांची गरजच वेगळी असते.

ग्रुप जितका कामाचा तितकाच घातक. तो मोडायला विसरून एप्रिलच्या एखाद्या सेलमध्ये 1,500 टाकले की बाराही महिन्यांच्या त्याच सेलमध्ये 1,500 बसतात. आधीचे आकडे पुसले जातात, एक्सेल चकार शब्द काढत नाही. ग्रुप तसाच ठेवून फाइल सेव्ह केली तर दुसऱ्या दिवशी ती ग्रुपसकट उघडते, आणि उघडणारा बहुधा कुणी वेगळाच असतो. पानाचं काम आटोपल्याबरोबर टॅबवर राइट क्लिक करून 'अनग्रुप शीट्स' म्हणावं.

दोन गोष्टी मात्र ग्रुपला दाद देत नाहीत. एक, प्रिंट एरिया, म्हणजे शीटचा कोणता भाग छापायचा ते. दुसरी, प्रिंट टायटल्स, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या पानावरही डोक्यावर यायला हव्यात त्या शीर्षकाच्या ओळी. अनेक शीट निवडलेल्या असताना पेज सेटअपमधले हे रकाने पुसट होऊन बसतात. या दोन्हींत विशिष्ट सेलचे पत्ते असतात आणि एक्सेल ते समासांसारखे शीटच्या मांडणीत न ठेवता त्या शीटशी बांधलेली नावं म्हणून वेगळे साठवतं. परिणाम असा की बाकी सगळं एकसारखं झालेल्या फाइलमध्ये मार्चच्या दुसऱ्या पानावर नुसते आकडे येतात. कोणता रकाना पाण्याचा आणि कोणता सिंकिंग फंडाचा, हे वाचणाऱ्याने ओळखायचं. तेवढ्यासाठी शीटवार जाऊन शीर्षकाच्या ओळी सांगाव्याच लागतात.

आता जरा बारीक मुद्दा. मांडणी एक केली म्हणजे पानं एकसारखी दिसतीलच असं नाही. रुंदी एका पानात मावावी म्हणून आपण 'फिट टू' निवडतो: रुंदीला एक पान आणि उंचीचा रकाना रिकामा. (उंचीलाही एक लिहिलं की नव्वद ओळी एका पानात कोंबल्या जातात आणि वाचायला भिंग लागतं.) इथवर ठीक. पण ऑक्टोबरपासून पार्किंग शुल्काचा रकाना वाढला असेल तर ऑक्टोबरची शीट रुंद झाली. ती पानात मावावी म्हणून एक्सेल तिची अक्षरं आणखी लहान करतं, सप्टेंबरची मात्र मोठीच राहतात. मांडणी तीच, सूचना तीच, आणि फाइलमध्ये दोन पानं शेजारी लावली की अक्षर डोळ्यांना खुपतं. अशा वेळी 'फिट टू' सोडून 'अॅडजस्ट टू' घ्यावं. सगळ्यांत रुंद शीट किती टक्क्यांवर पानात बसते ते प्रिव्ह्यूत चाचपून बघावं आणि तोच आकडा बाराही शीटना द्यावा. रकान्यांची रुंदीही ग्रुप करून एकदाच ठरवता येते. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण कागद नीटनेटका दिसतो तो यामुळेच.

फूटरातल्या पानाच्या क्रमांकाचंही असंच. 'एन्टायर वर्कबुक' म्हणून प्रिंट दिली की क्रमांक एप्रिलपासून ताळेबंदापर्यंत सलग चालतात. अट एवढीच, की प्रत्येक शीटच्या पेज सेटअपमध्ये 'फर्स्ट पेज नंबर'पुढे 'ऑटो' हवं. कुणी तिथे 1 लिहिला असेल तर त्या शीटपासून मोजणी पुन्हा एकपासून. प्रिंट क्वालिटी शीटगणिक वेगळी असेल तर एक्सेल एकाच हुकमाचे अनेक तुकडे करून प्रिंटरकडे पाठवतं, आणि तिथेही क्रमांक तुटतात. हेडरात '&' हे चिन्ह टाकणाऱ्यांनीही जपावं. एक्सेलच्या लेखी ते संकेतचिन्ह आहे, त्यामुळे 'अमुक & असोसिएट्स'मधलं चिन्ह कागदावर गायब होतं, आणि इंग्रजी अक्षरांत 'आर&डी' लिहिलं तर 'डी'च्या जागी आजची तारीख छापली जाते. चिन्ह हवं असेल तर ते लागोपाठ दोनदा टाकायचं.

हा सगळा खटाटोप जुन्या फाइलसाठी. नव्या वर्षाची फाइल करताना तो टाळता येतो. आधी एप्रिलची एकच शीट पूर्ण करावी: रकाने, समास, फूटर, शीर्षकाच्या ओळी, सगळं. मग टॅबवर राइट क्लिक करून 'मूव्ह ऑर कॉपी'मधल्या 'क्रिएट अ कॉपी'वर खूण करून तिच्या अकरा प्रती काढाव्यात. अशा प्रतीबरोबर प्रिंट एरिया आणि प्रिंट टायटल्ससुद्धा येतात. अधिकच्या चिन्हावर टिचकी मारून कोरी शीट घेतली आणि त्यात मजकूर चिकटवला, तर मजकूर येतो, पान येत नाही. बहुतेक फाइलींत बारा तऱ्हा होतात त्या याच एका सवयीमुळे.

शीट पन्नास-साठ असतील तर मॅक्रो लिहिणं शहाणपणाचं. प्रत्येक शीटपाशी जाऊन तो शीर्षकाच्या ओळीही लावतो. मात्र दर सूचनेला प्रिंटरशी बोलणं होत असल्याने तो रेंगाळतो. एक्सेल 2010 पासून हा संवाद काम संपेपर्यंत रोखून धरायची सोय मॅक्रोत आहे, तिचा उपयोग करावा.

मोफत मिळणाऱ्या लिबरऑफिस कॅल्कने या बाबतीत जास्त डोकं लढवलंय, असं माझं मत. तिथे पानाची मांडणी 'पेज स्टाइल' म्हणून वेगळी राहते आणि शीट तिचा नुसता हवाला देतात. नव्या फाइलमधल्या सगळ्या शीट एकाच स्टाइलवर चालतात, त्यामुळे समास एकदा बदलला की सगळीकडे बदलतो. मात्र एक्सेलची फाइल कॅल्कमध्ये उघडली तर हे सुख मिळत नाही. कॅल्क इमानेइतबारे प्रत्येक शीटसाठी वेगळी स्टाइल तयार करतं, आणि एक्सेलमधल्या बारा तऱ्हा तिथेही बाराच्या बारा हजर होतात.