लोणारची वाट

औंढा नागनाथच्या डोंगराळ मुलखातून वायव्येस बरेच अंतर गेले, की बुलढाणा जिल्ह्यातील लोणार गाव लागते. हिमालयात हिमनद्या खडक कोरतात व त्या खळग्यांत सरोवरे साचतात. महाराष्ट्रात हिमनद्या नाहीत; लोणारचे सरोवर निराळ्याच रीतीने झाले.

गावालगतच्या धारेपासून पायवाट खाली उतरते. धारेचे पाणी गोडे आहे. साग व बाभळीच्या रानातून, मोरांची केका ऐकत, वाटसरू सुमारे दीडशे मीटर खोल विवराच्या तळाशी येतो. तेथील पाणी मात्र खारट! या खळग्यात पाणी येते, परंतु त्यास बाहेर वाट नाही. उन्हाने पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे उरतात.

पुष्कळ काळ विद्वान यास ज्वालामुखीचे मुख मानीत. ते स्वाभाविकच होते, कारण सभोवारचा काळा कातळ लाव्हारसाचाच आहे. पण खडकाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासता त्यांत एक विशेष काच आढळली. ज्वालामुखीच्या उष्णतेने ती होत नाही. तीस प्रचंड आघातच हवा. १९७३ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे हे विवर आकाशातून कोसळलेल्या उल्केने घडविले होते! चंद्रावरही अशा कातळात विवरे आहेत. म्हणून चंद्राचे अभ्यासक लोणारचे दगड तपासतात.

जून २०२० मध्ये हे हिरवट पाणी अकस्मात गुलाबी झाले. खारटपणा वाढताच त्यात क्षारप्रिय सूक्ष्मजीव माजले होते, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेस आढळले. पाऊस झाल्यावर तो रंग ओसरला.