तोळाभर वजनाचा रुपया

लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर नोटांची पुडकी, सोन्याची साखळी आणि हिशेबाची वही यांच्या शेजारी पुष्कळ घरांत एक काळवंडलेला रुपया अजूनही मांडतात. चिंचेने घासला की त्यावर व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा झळकू लागतो. हा ‘राणीछाप’ कायदेशीर चलन म्हणून १९४१ सालीच बाद झाला. चालत नाही तो पाटावर आणि चालतो तो पाकिटात, असा हा प्रकार! ह्याला नुसती श्रद्धा म्हणून सोडून देऊ नका. त्यात पक्का व्यवहारही आहे.

पूर्वी आपल्या मुलुखात चांदवडी, अंकुशी असे नाना जातींचे रुपये चालत. एक देऊन दुसरा घ्यायचा तर सराफ कस पाहून बट्टा कापून घेई. १८३५ साली कंपनी सरकारने कायदा करून आपल्या सर्व मुलुखासाठी एकच रुपया ठरविला. वजन १८० ग्रेन, त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा. त्यामुळे हा रुपया नाणेही होता आणि वजनही होता. ऐंशी रुपयेभार म्हणजे एक शेर, असा सरळ हिशेब. घरात वजने नसली तरी पारड्यात रुपये टाकून काम भागे. दुकानदार तो दगडावर वाजवून घेई. खणखणीत बोलला तर खरा, बद्द बोलला तर परत!

पण खरी मौज पुढेच आहे. त्या काळी कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावे, थोडी घडणावळ द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी मोकळीक होती. म्हणून रुपयावर छापलेली किंमत आणि त्यातल्या चांदीची किंमत ह्यांत फारसे अंतर पडत नसे. सावकाराच्या तिजोरीतला रुपया आणि कुणब्याच्या बायकोच्या पायांतले तोडे, दोन्ही जवळजवळ एकाच तराजूत मोजले जात. खेड्यापाड्यांत बँक कुठली? सरी, गोठ, वाळे हीच बँक.

ह्या बँकेवर घाला पडला तो दूरदेशीच्या घडामोडींनी. १८७१ नंतर जर्मनीने चांदी सोडून सोन्याचे चलन धरले, अमेरिकेत चांदीच्या नव्या खाणी लागल्या, आणि चांदी घसरत गेली. दोन शिलिंगांच्या आसपासचा रुपया सव्वा शिलिंगावर आला. हिंदुस्थान सरकारला विलायतेत पेन्शने आणि व्याज भरावे लागे ते पौंडांत. त्याचे धाबे दणाणले. २६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळीचे दार लोकांच्या चांदीला बंद केले. रुपये कमी पाडायचे म्हणजे रुपया महाग होईल, हा त्यातला डाव. तो साधलाही. काही वर्षांत रुपया एक शिलिंग चार पेन्सांवर, म्हणजे सोळा पेन्सांवर, स्थिरावला. पण त्याच्या पोटातली चांदी होती सुमारे दहा पेन्सांची!

आपल्या भाषेत सांगायचे तर चांदी दहा आण्यांची आणि छाप सोळा आण्यांचा. वरचे सहा आणे सरकारच्या शब्दाचे. ज्याच्याजवळ रुपये होते त्याचे काही बिघडले नाही. ज्याच्याजवळ दागिने होते तो बुडाला. त्यातच १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पडले. पोटासाठी तोडे मोडायला आलेल्या बाईला सराफाने भाव दिला तो पडलेल्या चांदीचा. सारा मात्र तिच्या घरधन्याला भरायचा होता महागलेल्या रुपयांत. तिने काही उधळपट्टी केली नव्हती. उलट जन्मभर साठवले होते.

पुढे पहिल्या महायुद्धात चक्र उलटे फिरले. चांदी इतकी चढली की रुपया खर्चण्यापेक्षा वितळविण्यात फायदा! सरकारने वितळविणे गुन्हा ठरविले, अमेरिकेकडून वीस कोटी औंस चांदी आणली, आणि नोव्हेंबर १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढली. पाठोपाठ १९१८ साली चक्क अडीच रुपयांचीही नोट आली. लोकांना ती फारशी रुचली नाही. कागद दगडावर वाजवून कसा घ्यायचा?

दुसऱ्या महायुद्धात लोक पुन्हा रुपये दडवू लागले तेव्हा, १९४० साली, सरकारने चांदी निम्म्यावर आणली. हिणकस नाणे बाजारात फिरते आणि चोख नाणे मडक्यात जाते, हा जुना अनुभव पुन्हा आला. राणीछाप रुपयांपैकी पुष्कळ परत गेले. काही घरोघरच्या डब्यांत राहिले. १९४७ चा रुपया आला तो निकेलचा, चांदीचा त्यात कणही नाही. आजचा पोलादी रुपया तर पुरा चार ग्रॅमही भरत नाही. चौरंगावरचा राणीछाप भरतो ११.६६ ग्रॅम आणि त्यात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. पेपरातला आजचा ग्रॅमचा भाव घेऊन मुलांना गुणाकार करायला सांगा.

जाता जाता एक गोष्ट. रुपयाबरोबर तोळाही आटला आहे. सराफकट्ट्यावर हल्ली तोळा म्हणतात तो दहा ग्रॅमचा. आजीला लग्नात पाच तोळे घातले असतील तर ते ५८ ग्रॅम होते. नातीला पाच तोळे घालाल तेव्हा ते ५० च भरतील.