चढाई मोठी की पकड?

भोर-वेल्ह्याकडच्या जत्रांत कबड्डी पाहताना हा वाद मी नेहमी ऐकतो. २०१४ साली प्रो कबड्डी आली, आकडे घरोघरी पोचले आणि चढाईपटू नायक ठरला. पण आकडा फसवा असतो. कोपऱ्यावरच्याने घोटा धरला, साखळीने मध्यरेषा अडवली. गुण मात्र एकाच्याच नावावर! मी पकडीच्या बाजूचा. मार्च २०२४मध्ये पुणेरी पलटणने अंतिम सामना २८-२५ असा जिंकला. त्या हंगामातला सर्वोत्तम बचावपटू पलटणचाच, इराणचा शादलू.

खेळाच्या भवितव्याची काळजी मात्र वेगळी आहे. मातीत अनवाणी पाय रुततो, मॅटवर बूट झटकन वळतो. आमची पोरं मातीत शिकतात. मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. तालुक्याला एखादी मॅट हवी, हे त्या वादात कुणीच बोलत नाही.