कामटी सोडून मोजायचे

हाड मोडले की पूर्वी वैदू बांबूच्या कामट्या लावून हात घट्ट बांधत. हाड सरळ बसे, पण कामट्या आहेत तोवर तो हात कामाचा नसे. फॅब्री आजारावरच्या गोळीचे तत्त्व नेमके हेच आहे. ती पेशींवर कशी तपासली गेली, हे पाहताना कामटी ध्यानात ठेवा.

१८९८ साली जर्मनीत योहानेस फॅब्री आणि इंग्लंडमध्ये विल्यम अँडरसन यांनी या आजाराचे स्वतंत्रपणे वर्णन केले. अल्फा-गॅलॅक्टोसिडेझ हे विकर, म्हणजे एन्झाइम, पेशीतल्या लायसोसोम नावाच्या कप्प्यात एका स्निग्ध पदार्थाचे तुकडे करते. त्याच्या जनुकात दोष असला की तो पदार्थ वर्षानुवर्षे मूत्रपिंडात, हृदयात, नसांत साचत जातो. पण गंमत अशी, की अनेक रुग्णांत विकर तयार होते आणि थोडेफार कामही करू शकते. त्याची घडी सैल बसते, एवढेच. पेशीची तपासणी यंत्रणा असा माल वाटेतच अडवून मोडून टाकते.

या विकराच्या कामाच्या खाचेत गोळीतला मायगॅलास्टॅट हा छोटा रेणू घट्ट बसतो. खाच बुजली म्हणजे काम बंद, तेव्हा हा खरे तर विकराला रोखणारा पदार्थ. पण खाचेत काहीतरी बसले की सैल घडीही सावरते. फान, इशी, असानो आणि सुझुकी यांनी १९९९ साली रुग्णांच्या पेशींत हे दाखवले.

अशा चाचणीसाठी रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घेतात. त्या एरवी फार दिवस टिकत नाहीत, म्हणून एपस्टाइन-बार विषाणूच्या मदतीने त्यांना सतत वाढत ठेवतात. मग ३७ अंशांवर काही बश्यांत औषध घालतात, काहींत नाही. शेजारी निरोगी माणसाच्या पेशीही असतात. काही दिवस थांबायचे.

यानंतरची पायरी दिसते साधी, पण माझ्या मते सारी चाचणी तिच्यावरच उभी आहे. पेशी पुन्हा पुन्हा धुवायच्या. औषध खाचेत राहिले तर विकर वाढूनही मोजमापात कमीच दिसेल. कामटी सोडल्याशिवाय हाताचा जोर कसा कळणार?

मग पेशी फोडून त्यात एक कृत्रिम पदार्थ घालतात. विकराने तो तोडला की अतिनील प्रकाशात निळी चमक उमटते. चमक जितकी जास्त, तितके विकर कामाला लागलेले. मात्र हाच पदार्थ पेशीतले दुसरे एक विकरही तोडते, म्हणून त्याला आधी थोपवावे लागते. शिवाय विकर लायसोसोमपर्यंत पोचले का, तेही बघतात: कच्चे विकर किंचित जड असते, तिथे पोचून पक्के झालेले हलके.

पण शेकडो दोष, तर प्रत्येकाच्या रुग्णाच्या पेशी आणायच्या कुठून? त्यात स्त्रियांच्या काही पेशींत निरोगी जनुक चालू असते, काहींत सदोष, त्यामुळे आकडा फसवा येतो. म्हणून पुढे प्रयोगशाळेत वाढवलेल्या एकाच प्रकारच्या मानवी पेशींत एकेक दोष घालून पाहिला गेला. औषधाने विकराचे काम किमान १.२ पट झाले, आणि ती वाढ निरोगी पातळीच्या किमान ३ टक्के भरली, तरच तो दोष औषध लागू पडणाऱ्या दोषांच्या यादीत. निव्वळ पटींवर भुलण्यात अर्थ नव्हता. शून्याजवळच्या आकड्याची दहापटही शून्याजवळच राहते.

२०१६ मध्ये युरोपने आणि २०१८ मध्ये अमेरिकेने या औषधाला मान्यता दिली. १२३ मिलिग्रॅमची कॅप्सूल एक दिवसाआड घ्यायची असते, म्हणजे मधल्या दिवशी औषध ओसरून खाच मोकळी होते. आधी रुग्णाचा जनुकदोष यादीत आहे का ते डॉक्टर पाहतात. नसेल, तर बाहेर तयार केलेले विकर दर दोन आठवड्यांनी शिरेतून दिले जाते.