चिखल म्हणजे रिकामी जागा?

२६ जुलैचा जागतिक कांदळवन दिन आला की खाडीकाठी बॅनर लागतात, टी-शर्ट वाटले जातात आणि हजारो रोपं लावल्याची बातमी छापून येते. खाडी वाचवायची म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात जमेल तेवढी खारफुटी लावायची, हा समज काही केल्या जात नाही. वर्षभराने त्या रोपांचं काय झालं, हे बघायला कुणी फिरकत नाही.

फिलिपाइन्समध्ये हा हिशेब झालाय. प्रिमावेरा आणि एस्टेबान या संशोधकांच्या २००८ च्या आढाव्यानुसार तिथल्या लागवडीतली जेमतेम १० ते २० टक्के रोपं टिकली. जागा चुकली, जातही चुकली. तिवर-चिप्पी या जातींच्या जागी कांदळ लावलं, कारण कांदळाच्या लांब शेंगा गोळा करायला आणि चिखलात खोचायला सोप्या! खारफुटी साधारणपणे समुद्राच्या सरासरी पातळीच्या वरच्या पट्ट्यात वाढते. त्याच्या खाली लावलेलं रोप तासन्‌तास बुडून राहतं, मुळांना हवा मिळत नाही, खोडाला बार्नॅकलसारखे कवचधारी जीव चिकटतात आणि ते मरतं. आणि तो चिखल रिकामा असतो हे सांगितलं कुणी? शिंपल्या वेचणाऱ्या बायकांना विचारा. निवटी मासे तिथलेच, आणि ठाण्याच्या खाडीतले रोहित (फ्लेमिंगो) पक्षीही अशाच चिखलात चरतात.

मग करायचं काय? आधी गावातल्या जाणत्यांना विचारायचं: इथे पूर्वी खारफुटी होती का, आणि गेली ती कशाने? बऱ्याचदा कारण एखाद्या बांधात, भरावात नाहीतर बुजलेल्या मोरीत सापडतं. पाणी मोकळं केलं आणि आसपास झाडं असली, तर भरतीबरोबर बी येतं आणि रुजतं. फ्लोरिडाचे खारफुटी-तज्ज्ञ रॉबिन लुईस हेच सांगत राहिले: लागवड सगळ्यात शेवटी, तीही बी आपणहून येत नसेल तरच. अर्थात, उपसलेल्या मोरीपुढे पाहुण्यांचा फोटो काही चांगला येत नाही.

बाकीचे समज थोडक्यात.

‘जमीन माझ्या सातबाऱ्यावर, तेव्हा झाडंही माझी.’ नाही. मालकी कुणाचीही असो, न्यायालयाच्या परवानगीशिवाय खारफुटीला हात लावता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१८ चा निकाल वाचा.

‘खारफुटीमुळे डास होतात.’ डासांना साचलेलं पाणी लागतं. राडारोडा टाकून भरतीची वाट अडवली की ते आयतंच मिळतं.

‘खाडी राखायची म्हणजे गावाच्या पोटावर पाय.’ वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात, त्याचे पैसे घेऊन.