आधीच तडकलेला खडक

डिसेंबर १९८३. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये, फेंटन हिल इथे, लॉस अलामॉस प्रयोगशाळेने साडेतीन किलोमीटर खोलवरच्या तप्त ग्रॅनाइटमध्ये सुमारे २१,००० घनमीटर पाणी प्रचंड दाबाने घुसवलं. दोन तिरप्या विहिरी आधीच खोदून ठेवल्या होत्या, एकीच्या वर दुसरी. खालच्या विहिरीतून पाणी रेटायचं, खडक उभा चिरत जाईल, चीर वरच्या विहिरीला भिडेल, मग एकीतून गार पाणी सोडून दुसरीतून गरम काढायचं, असा बेत होता. खडक चिरला, पण वरची विहीर कोरडीच राहिली. सूक्ष्म भूकंपांच्या नोंदी मांडल्यावर कळलं, की पाणी एका जाड, तिरप्या पट्ट्यात भलतीकडेच पसरलं आहे.

पंपांनी चोख काम केलं होतं. फसलं ते डोक्यातलं चित्र.

ते चित्र आलं तेलाच्या धंद्यातून. दाबाने खडक फोडण्याचा पहिला प्रयोग १९४७ मध्ये कॅन्ससच्या ह्यूगोटन वायुक्षेत्रात झाला आणि दोनच वर्षांत त्याचा व्यवसाय झाला. १९५७ मध्ये हबर्ट आणि विलिस यांनी जिलेटिनच्या गोळ्यात प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ काला दाबाने सोडून दाखवलं, की ज्या दिशेला ताण सर्वांत कमी, तिला काटकोनात चीर उघडते. काला घट्ट झाला, की चिरेची थाळी चक्क हातात घेता येई. त्याच सुमारास आणि पुढे ख्रिस्तियानोविच आणि झेल्तॉव, पर्किन्स आणि कर्न, खीर्ट्समा आणि द क्लेर्क यांची गणितं आली. खडक एकजिनसी, चीर एकच, विहिरीच्या दोन्ही बाजूंना सारखे पंख, हे त्यांचं गृहीतक. त्या गणितांना हसू नये. पहिला अंदाज बांधायला ती आजही वापरतात.

पण जमिनीखालचा खडक जिलेटिन नसतो. ग्रॅनाइट थंड होताना आणि वरचा भार उतरताना तडकतो. टेक्सासच्या बार्नेट शेलमधल्या जुन्या भेगांत कॅल्साइट भरून बसलेलं आहे. नवी चीर अशा भेगेपाशी आली, की ती भेग ओलांडून सरळ जाते, तिथेच अडून भेगेत शिरते, किंवा भेगेतून थोडं सरकून पुढे बाहेर पडते. यातलं काय होईल ते कोनावर, दोन दिशांच्या ताणांतल्या फरकावर आणि भेगेच्या घर्षणावर ठरतं. रेनशॉ आणि पोलार्ड यांनी १९९५ मध्ये काटकोनी गाठीसाठी निकष दिला, नंतर तो इतर कोनांसाठी वाढवला गेला. नेवाडातल्या बोगद्यांत तर फोडलेला खडक पुन्हा खणून उघडा केला गेला, आणि चीर भेगांपाशी कशी अडते, वळते, फुटते ते डोळ्यांनी पाहता आलं.

हे सगळं संगणकावर उतरवण्याचे मार्ग अनेक. पीटर कंडल यांनी १९७१ मध्ये खडक म्हणजे एकमेकांवर रेलणारे सुटे ठोकळे, अशी मांडणी केली. भेगाळ खडकाला ती स्वभावतःच जुळते. १९९९ च्या सुमारास बेलिच्को यांच्या गटाने जाळी पुन्हा न आखता चीर पुढे नेण्याची युक्ती दिली. फ्रांकफोर्त आणि मारिगो यांच्या १९९८ च्या विचारातून आलेली पद्धत चिरेला धूसर पट्टा मानते. तिची रंगीत चित्रं फार देखणी दिसतात, आणि इथेच सावध राहावं. पद्धत कोणतीही घ्या, आतल्या पाण्याचा हिशेब चुकवता येत नाही: सपाट भेगेची रुंदी दुप्पट झाली, की त्याच दाबाला प्रवाह आठपट होतो. रुंदीतली लहानशी चूक उत्तर कुठल्या कुठे नेते.

खरी अडचण मात्र गणिताच्या आधीची आहे. विहिरीच्या भिंतीवर भेग दिसते. ती आत किती लांब गेली, हे दिसत नाही. म्हणून भेगांचं जाळं संख्याशास्त्राने कल्पून काढतात, त्याच्या अनेक आवृत्त्या चालवून बघतात, आणि दाबाचा तोच आलेख चार वेगळी जाळी सारख्याच चोखपणे जुळवून देतात. जुळला म्हणजे खरा ठरला, असं मानणाऱ्या अहवालांवर माझा विश्वास नाही. टेक्सासच्या रेगन काउंटीत फोडलेल्या शेलमधूनच तिरपी विहीर खोदून कोअर काढला, तेव्हा शेकडो चिरा निघाल्या, त्याही गुच्छागुच्छाने. दोन पंखांच्या चित्रात त्यांना जागाच नव्हती.

वस्तीजवळ ही अनभिज्ञता महागात पडते. स्वित्झर्लंडच्या बाझेलमध्ये डिसेंबर २००६ मध्ये ३.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि भूऔष्णिक प्रकल्प गुंडाळावा लागला. दक्षिण कोरियाच्या पोहांगमध्ये नोव्हेंबर २०१७ मध्ये ५.५ चा भूकंप झाला. तिथल्या भूऔष्णिक प्रकल्पाचं पाणी अशा प्रस्तरभंगावर पोचलं होतं, जो आधी कुणी नकाशावर दाखवलाच नव्हता. आपल्या कोयना धरणाच्या परिसरातही भूकंप होतात. तिथे कुणी खडक फोडत नाही, पण भेगाळ खडकात पाण्याचा दाब कुठवर पोचतो हा प्रश्न तोच आहे. तिथल्या गोठणे इथे बेसॉल्टचा सव्वा किलोमीटर जाड थर ओलांडून तीन किलोमीटर खोल विवर नेलं, ते त्यासाठीच.

फेंटन हिलवाल्यांनी अखेर मॉडेलशी हुज्जत घालणं सोडलं. १९८५ मध्ये सूक्ष्म भूकंपांचा पट्टा जिथे होता तिथेच विहीर वळवून खोदली, आणि पाणी मिळालं. युटाच्या फोर्ज या भूऔष्णिक प्रकल्पात हाच क्रम सुरुवातीपासून ठेवला: २०२२ मध्ये एका विहिरीतून खडक फोडला, धक्के कुठे होतात ते पाहिलं, दुसरी विहीर २०२३ मध्ये त्या जागेतून नेली. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे पाणी जवळपास महिनाभर फिरवलं, आणि घातलेल्यातलं बहुतेक परत आलं.