पारपटलारोपण आणि पेशींची शिल्लक

आपल्या व्यापारी मंडळींत नेत्रदानाचा विषय निघाला म्हणजे एक शंका हटकून ऐकू येते : वृद्धाच्या झिजलेल्या डोळ्यांचा कोणास काय उपयोग? तिचे उत्तर पारपटलाच्या रचनेत आहे.

डोळ्याच्या अग्रभागीचा स्वच्छ पडदा तो पारपटल. त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. त्याच्या आतल्या अंगास पेशींचा एकच थर असतो. पडद्यात शिरणारे पाणी अहोरात्र उपसून त्यास निर्मळ राखणे हे त्याचे कार्य. प्रौढपणी दर चौरस मिलिमीटरला अशा अडीच ते तीन हजार पेशी असतात. आमच्या कोठारात घट येते तशी नवी आवकही होते. येथे आवक नाही, केवळ घट आहे. शिल्लक फारच उतरली की पडदा सुजून धुरकट होतो.

डॉ. झिर्म यांनी १९०५ साली ओलोमोत्स येथे संपूर्ण जाडीचे पारपटल प्रथम यशस्वीपणे बसविले. ह्या पद्धतीत घट वर्षानुवर्षे चालू राहते. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत पाच वर्षांअखेर सुमारे सत्तर टक्के पेशी गेलेल्या आढळल्या. पुढे केवळ आतला थर बदलण्याच्या ‘डीसेक’ व ‘डीमेक’ ह्या पद्धती आल्या. त्यांत नाजूक थर हाताळावा लागत असल्याने पहिल्या सहा महिन्यांतच सुमारे एक-तृतीयांश पेशी जातात. परंतु पुढील घट मंद असते व पाच वर्षांनी सर्वसाधारणपणे निम्मी शिल्लक उरते. शरीराने परका पडदा नाकारण्याचे प्रमाणही ‘डीमेक’मध्ये सर्वांत कमी. चौथ्या, ‘डाल्क’ पद्धतीत पुढचे थर तेवढे बदलतात. रोग्याच्या स्वतःच्या आतल्या पेशी जागच्या जागी राहतात, म्हणून त्या नाकारल्या जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

मात्र एकच पद्धत सर्वांस लागू पडत नाही. आतला थर निकामी असेल तर ‘डाल्क’ व्यर्थ. व्रण आरपार असेल तर संपूर्ण पडदाच हवा.

आता मूळ शंकेकडे वळू. उपर्युक्त पाहणीत ६६ ते ७५ वर्षे वयाच्या दात्यांची पारपटले पाच वर्षांनी तरुण दात्यांच्या पारपटलांइतकीच टिकलेली दिसली. नेत्रपेढी पेशी मोजून निर्णय करते. केवळ जन्मसाल पाहून नव्हे. चष्मा वा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ह्यांचाही अडसर नाही.

आमच्या हिमायतनगराहून बंजारा हिल्स दूर नाही. तेथे चित्रपटनिर्माते एल. व्ही. प्रसाद यांच्या एक कोटी रुपये व पाच एकर भूमीच्या दानातून, डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांच्या पुढाकाराने, १९८७ साली नेत्रसंस्था उभी राहिली. १९८९ पासून तेथे रामयम्मा नेत्रपेढी चालते.

मृत्यूनंतर शक्य तितक्या लवकर नेत्रपेढीस कळवावे, कारण सहा तासांच्या आत नेत्र काढून घ्यावे लागतात. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा व डोके उशीवर किंचित उंच ठेवावे. आपला मनोदय घरच्यांस आजच सांगून ठेवावा. कारण त्या घडीला संमती त्यांनीच द्यावयाची असते.